एफआर वायर आणि एचएफएफआर वायर : आग दोन्ही रोखतात, धूर मात्र सारखा नाही

घराचं काम फिटिंगपर्यंत आलं की वायरमन यादी देतो आणि त्यात वायरपुढं नुसतं "एफआर" (फ्लेम रिटार्डंट, म्हणजे आग पुढं न नेणारी) लिहून देतो. मग दुकानात गेल्यावर समोर दोन बंडलं येतात, एक एफआर आणि दुसरं एचएफएफआर (हॅलोजन फ्री, म्हणजे क्लोरीन-ब्रोमीन नसलेली एफआर), काही कंपन्या त्यालाच झेडएचएफआर म्हणतात, आणि दुकानदार सांगतो भाऊ दोन्ही आगीपासून सेफच आहेत, दुसरी उगाच महाग. आगीपुरतं त्याचं बरोबर आहे. पण आग रोखायला त्या प्लास्टिकमध्ये जे घातलेलं असते ते दोन्हीत एकदम वेगळं आहे, आणि माणसाच्या छातीवर, गाईच्या दुधावर परिणाम होतो तो त्या घातलेल्या मालाचा.

हे मी मुद्दाम लिहून राहिलो, कारण आपल्या विदर्भात खेड्यातलं घर म्हणजे दिवाळीनंतर अर्धं कापसाचं गोडाऊन असते. भाव वाढंल या आशेनं लोक कापूस घरातच ठेवतात, एका खोलीत पार आढ्यापर्यंत गंजी, त्याच भिंतीवरून फॅनची वायर गेलेली आणि बाजूच्याच खोलीत लेकरं झोपलेली. अशा घरात साधी, आग न रोखणारी वायर नकोच. एफआर तरी पाहिजेच पाहिजे, त्यात वाद नाही.

आता एफआर म्हणजे काय ते पाहा. ही वायर पीव्हीसीची. निखळ पीव्हीसीत वजनानं जवळपास ५७ टक्के क्लोरीनच असतो, त्यामुळं ते तसं लवकर पेटत नाही, पण कडक असते, म्हणून वायरसाठी मऊ करायला त्यात तेलासारखं प्लास्टिसायझर टाकतात आणि ते मात्र जळते. मग परत आग रोखायला अँटिमनी ट्रायऑक्साइड टाकतात, कुठं क्लोरिनेटेड पॅराफिन टाकतात. आग लागली की यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि ज्वाळेत जळण्याच्या क्रियांची जी साखळी चालू असते ती तोडतो, ज्वाळ वायरीवरून पुढं धावत नाही. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, आणि एफआर वायरीचं प्लास्टिक जळत राहायला कमीत कमी २९ टक्के लागावा अशी आपल्या आयएस ६९४ मानकात अट आहे. पण ज्वाळ मारणारा हा हायड्रोजन क्लोराइड वायूच नाकातोंडात जातो, डोळ्याच्या आणि घशाच्या ओलाव्यात मिसळला की त्याचं हायड्रोक्लोरिक ॲसिड होते, डोळे मिटतात, खोकला लागतो, आणि त्यात काळा दाट धूर, दार कुठं आहे तेच दिसत नाही.

एचएफएफआर मध्ये क्लोरीन, ब्रोमीन असलं काही घालतच नाहीत. तिथं प्लास्टिक दुसरं, आणि त्यात ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड किंवा मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडची पांढरी पावडर, तीही थोडीथोडकी नाही, बऱ्याचदा अर्ध्याहून जास्त वजन तिचंच. ॲल्युमिनियमवाली पावडर २०० डिग्रीच्या आसपास तापली की स्वतःच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा पाण्याची वाफ सोडते, ओलं लाकूड चुलीत घातल्यावर जसं पेटायलाच मागत नाही तसं, आणि मागं राखेचं कवच राहते. ॲसिडचा वायू जवळपास नाही, मर्यादा प्लास्टिकच्या वजनाच्या अर्धा टक्का. धूर कमी आणि फिका. याचं मानक वेगळं आहे, आयएस १७०४८, २०१८ सालचं.

मधे एक एफआर-एलएसएच (लो स्मोक, म्हणजे कमी धुराची) पण मिळते, ती पीव्हीसीच, फक्त ॲसिडचा वायू २० टक्क्यांच्या आत ठेवलेला. एफआरपेक्षा बरी, एचएफएफआर नाही. नुसत्या एफआरच्या अटी ज्वाळेच्या आहेत, धुराच्या नाहीत, इथंच सगळा घोळ होतो.

पण एचएफएफआर म्हणजे धूर निर्धोक असं कोणी समजू नका. कापूस आतल्या आत धुमसत असला तर कार्बन मोनॉक्साइड निघतोच, त्याला वासही नाही रंगही नाही, आणि आगीत माणसं जास्त करून त्यानंच जातात. फरक एवढाच की डोळे उघडे राहतात आणि बाहेर पडायला थोडा जास्त वेळ भेटतो. माझ्या मते लेकरं असलेल्या घरात तेवढ्या वेळासाठी जास्तीचे पैसे द्यावेतच, टाईल्स थोड्या साध्या घ्या पण हे करा. आणि लूज जॉइंट, बारक्या वायरवर मोठा कूलर, एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच) नाही, असं असलं तर दोन्हीतली कोणतीही वायर गरम होणारच, ती आग लागू देत नाही असं नाही, लागलेली पुढं नेत नाही इतकंच.

आता जळत नसतानाची गोष्ट. क्लोरिनेटेड पॅराफिन प्लास्टिकला पक्कं चिकटलेलं नसते, नुसतं मिसळलेलं असते, म्हणून वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर येते आणि धुळीत बसते, रांगणारं लेकरू तीच धूळ हाताला लावून तोंडात घालते. यातला कार्बनच्या छोट्या साखळीचा प्रकार जगानं २०१७ मध्ये स्टॉकहोम कराराच्या (टिकून राहणाऱ्या विषारी रसायनांवरचा जागतिक करार) बंदीच्या यादीत टाकला आणि मधल्या साखळीचा २०२५ मध्ये, कारण ते विघटन न होता टिकते आणि प्राण्यांच्या चरबीत साठत जाते. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचं तसं नाही, ते खनिज आहे, चरबीत साठत नाही.

चरबीत साठणं म्हणजे काय ते अमेरिकेतल्या मिशिगनच्या शेतकऱ्यांना विचारावं. तिथं १९७३ मध्ये एका कारखान्यातून गुरांच्या खाद्यात टाकायच्या मॅग्नेशियम ऑक्साइडच्या जागी आग रोखायचं ब्रोमीनवालं पीबीबी गेलं, दोन्ही मालांची नावं मिळतीजुळती, न्यूट्रीमास्टर आणि फायरमास्टर. ते खाद्यातून दुधात, मटणात, अंड्यात गेलं आणि कळेपर्यंत लाखो लोकांच्या पोटात पोचलं होतं. जवळपास ३० हजार गुरं आणि १५ लाख कोंबड्या माराव्या लागल्या.

आणि सगळ्यात वाईट जे आपल्याकडं उघड्यावर चालते ते म्हणजे तांब्यासाठी वायर जाळणं. गावाबाहेर नाल्याच्या काठी जुन्या वायरीचा गुंता पेटवून देतात, पोट्टे काडीनं उलथत राहतात, आणि ज्वाळेला कडेनं हिरवा रंग दिसतो. तो हिरवा रंग तांबं आणि क्लोरीन एकत्र आल्याचा आहे, केमिस्ट लोक क्लोरीन ओळखायला हीच बाइलस्टाइन टेस्ट करतात. तांब्याच्या संगतीनं अर्धवट जळणाऱ्या पीव्हीसीतून डायऑक्सिन नावाचं विष तयार होते. ते राखेत राहते, आजूबाजूच्या गवतावर बसते, बकऱ्या-गाई ते चरतात, मग दुधातून आपल्याकडं, आणि माणसाच्या शरीरात गेलं की त्यातलं अर्धं कमी व्हायलाच ७ ते ११ वर्षं लागतात. जुन्या पीव्हीसी वायरीत शिसंही असायचं, ते त्याच राखेत.

घेताना डब्यावर काय छापलं ते सोडा, वायरीवर बॅटरी मारून पाहा. थोड्या थोड्या अंतरावर बारीक अक्षरात मानक नंबर आणि एफआर, एफआर-एलएसएच की एचएफएफआर ते छापलेलं असते, आयएसआयचा मार्क पाहा. बजेट कमी असलं तर झोपायच्या आणि कापसाच्या खोलीला एचएफएफआर टाका आणि बाकी घराला एफआर-एलएसएच. बोअरच्या मोटरीला मात्र यातली कोणतीच नाही, तिला सबमर्सिबलची वेगळी केबल येते. आणि जुनी वायर काढली तर वायरमनकडून तिथंच कटरनं सोलून घ्या, भंगारवाल्याकडं सोललेल्या चकचकीत तांब्याला जळक्या तांब्यापेक्षा भाव तसाही जास्त मिळतो.