पन्हाळा–पावनखिंडला येताय? मग चिखलातनंच चालायचं!

आमच्या या ट्रेकचं बुकिंग झालं की पहिला फोन ठरलेला, "सर, चिखल लई असतोय का?" असतोय. जुलै महिना, पन्नासेक किलोमीटर, दोन दिवस, चिखल नसेल असं कसं होईल? १२ जुलै १६६० च्या रात्री महाराज पन्हाळ्यावरनं विशाळगडाकडं निघाले तेव्हाही पाऊसच होता की.

चिखलाचं काही नाही हो, त्रास होतो तो चिखल चुकवणाऱ्यांचा. मसाई पठार उतरून वाडी-वस्त्यांकडं लागलं की वाट शेतांमधनं जाते आणि या दिवसांत भाताची रोप लावण सुरू असते. वाटेत घोट्याएवढा चिखल दिसला की नवेकोरे शूज घातलेला एक जण हळूच बांधावर चढतो, आणि त्याच्या मागनं सगळी लाइन. भिजलेला मातीचा बांध एवढ्या पायांखाली खचतो, एका जागी फुटला की खाचरातलं पाणी भसाभसा खाली, त्याच्याबरोबर माती जाते, खत जातं, आणि पाणी उतरलं की तणाला रान मोकळं. शिवाय बांधावरनं ज्याचा पाय घसरतो तो थेट रोपात. घरातली सगळी माणसं दिवसभर पावसात वाकून लावतात ती रोपं, मग शेतातल्या मावशी ओरडतात, आणि बरोबरच आहे त्यांचं. आम्ही थांबतो, बांध परत घालायला हात लावतो, नुकसानीचं काय ते बघतो, यात तासभर आरामात जातो, बॅच मुक्कामाला अंधारात पोचते आणि मग तुम्हीच विचारता की एवढा उशीर का केला.

तर वाट असेल तिथं वाटेच्या मधनं चालायचं, चिखल असला तरी. पठारावर सुद्धा तेच. तिथं जांभ्या दगडावर मातीचा थर आधीच पातळ, कडेकडेनं चाललं की वाट रुंद होत जाते आणि पावसाळ्याच्या शेवटी जी फुलं बघायला परत येता त्यांचीच जागा तुडवली जाते.

शूज जुनेच आणा, ग्रिप चांगली पाहिजे. नवे असले की जीव शुजात अडकतो आणि पाय बांधाकडं वळतो. कोल्हापुरी घालून येऊ नका, कितीही अभिमान असला तरी, चामडं पाणी पितंय. मुक्कामासाठी कोरड्या मोज्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा.

"तुमचा रेट जरा जास्त वाटतोय" असंही विचारतात. आम्ही बॅच मुद्दाम छोटी ठेवतो, वाटाड्या तिथल्याच वाडीतला असतो, जेवण वाडीतल्या घरात बनतं आणि पैसे त्याच घरात रोख देतो. गरम भाकरी, आमटी, खर्डा. पुढ्यात हे असताना कपातले नूडल्स कशाला आणता कळत नाही, रिकामे कप मात्र आम्हाला खाली आणावे लागतात. जेवणाऱ्यांचा आकडा दोन दिवस आधी फिक्स करा, ऐनवेळी "आम्ही चौघं डबा आणलाय" चालणार नाही, पीठ मळलेलं असतंय.

ताट-वाटी आणि बाटली आपापली. स्पीकर घरी. वाडीतल्या माणसांचे, पोरांचे फोटो विचारूनच काढा.

छत्री नको, वाऱ्यात टिकत नाही. रेनकोट नसला तर आमच्याकडं भाड्यानं मिळतो, बुकिंग करतानाच साइज सांगा.