वाहून आलेल्या लाकडावर कोरलेली लिपी: रोंगोरोंगोची पार्श्वभूमी

चिलीच्या किनाऱ्यापासून सुमारे ३,५०० किलोमीटर दूर असलेले रापा नुई, म्हणजेच ईस्टर बेट, मोआई या दगडी पुतळ्यांमुळे प्रसिद्ध आहे. याच बेटावर लाकडी फलकांवर ‘रोंगोरोंगो’ चिन्हे कोरली जात. ही चिन्हे आजही वाचता आलेली नाहीत, त्यामुळे चर्चा बहुधा त्यांच्या अर्थाभोवतीच फिरते. फलकांच्या लाकडाकडे मात्र कमी लक्ष जाते.

युरोपीय जहाजे १७२२ मध्ये प्रथम या बेटावर पोहोचली, तोपर्यंत तिथली ताडवर्गीय झाडांची वने नष्ट झाली होती. मोठे लाकूड इतके दुर्मीळ होते, की होड्यादेखील लहान लहान फळ्या एकमेकींना शिवून बांधल्या जात. अशा ठिकाणी कोरणाऱ्याला लाकूड निवडण्याची चैन नव्हती. जे हाती लागेल त्याचाच फलक होई. ‘ताहुआ’ नावाचा फलक हे मुळात अ‍ॅश लाकडाचे परदेशी वल्हे असून, ९१ सेंटिमीटर लांबीच्या त्या वल्ह्यावर १,८००हून अधिक चिन्हे आहेत. ‘मामारी’ हा फलक ज्या झाडाच्या लाकडाचा आहे, ते आपल्या कोकण किनाऱ्यावरही वाढते आणि तिथे त्याला भेंडी म्हणतात.

कोरण्याची पद्धतही या टंचाईला साजेशी होती. चिन्हांची रूपरेषा ऑब्सिडियन या काळ्या ज्वालामुखी काचेच्या कपच्यांनी काढली जाई आणि शार्कच्या दाताने ती खोल केली जाई. अनेक फलकांवर ओळींसाठी आधी उथळ पन्हळी कोरलेल्या दिसतात, तर काहींच्या कडांवरही चिन्हे आहेत. लागून असलेल्या ओळी एकमेकींच्या तुलनेत उलट्या असल्यामुळे, एक ओळ संपली की वाचणाऱ्याला फलक हातातच १८० अंशांत फिरवावा लागे.

या फलकांचे पहिले वर्णन फ्रेंच मिशनरी युजीन एरो यांनी १८६४ मध्ये केले. चिन्हे कोरलेले फलक आणि काठ्या घरोघरी आढळतात, असे त्यांनी लिहिले, परंतु तोपर्यंत परंपरेचा कणा मोडला होता. १८६२-६३ मध्ये पेरूहून आलेल्या टोळ्यांनी सुमारे दीड हजार बेटवासीयांना पळवून नेले होते, आणि परत आलेल्या मोजक्या लोकांबरोबर देवीची साथही आली. १८७७ मध्ये बेटावर अवघे १११ रापानुई उरले होते. ताहितीचे बिशप झोसाँ यांना १८६८ मध्ये केसांची दोरी गुंडाळलेला एक लहान फलक भेट मिळाला आणि त्यानंतर त्यांनी उरलेल्या फलकांचा शोध सुरू करवला. १८८६ मध्ये अमेरिकन नौदलाच्या विल्यम थॉमसन यांनी मिळवलेला एक मोठा फलक वाहून आलेल्या लाकडाचा असून तो कधीकाळी होडीचा भाग असावा, असे त्यांनी नोंदवले. आज जेमतेम दोन डझन कोरीव वस्तू उरल्या आहेत आणि त्यांपैकी एकही बेटावर नाही.

१९३२ मध्ये हंगेरियन अभ्यासक विल्मोस हेवेशी यांनी या चिन्हांचे सिंधू लिपीशी साम्य दाखवले, तेव्हा मोठी खळबळ उडाली होती. दोन्हींमधील हजारो वर्षांचे आणि हजारो किलोमीटरचे अंतर पाहता हा दावा टिकण्यासारखा नव्हता, आणि तो टिकलाही नाही.

खरा वाद आहे तो काळाचा. ही लिपी बेटवासीयांनी स्वतंत्रपणे घडवली, की १७७० मध्ये स्पॅनिश अधिकाऱ्यांनी त्यांच्याकडून कागदावर खुणा करून घेतल्या त्यानंतर ती सुचली? रोममध्ये असलेल्या चार फलकांच्या रेडिओकार्बन चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन फलकांचे लाकूड एकोणिसाव्या शतकातील निघाले, तर झोसाँ यांना मिळालेल्या त्या लहान फलकाचे पंधराव्या शतकाच्या अखेरचे किंवा सोळाव्याच्या आरंभीचे. मात्र ही तारीख झाड तोडले गेल्याची आहे, चिन्हे कोरल्याची नव्हे. शिवाय हे लाकूड मूळच्या दक्षिण आफ्रिकेतील पोडोकार्पस जातीचे आहे, त्यामुळे ते समुद्रातून वाहत आले असण्याची शक्यता संशोधकांनी मांडली आहे. जुने लाकूड ताबडतोब कोरले गेले असेल, तर ही लिपी युरोपीय संपर्काच्या दोन शतके आधीची ठरते. ते पिढ्यानपिढ्या पडून असेल, तर हा पुरावा लंगडा पडतो.