विटांच्या बैठ्या चाळी : दुरुस्तीपूर्वी समजून घ्यावी अशी बांधणी

ठाण्याच्या जुन्या भागातील विटांच्या बैठ्या चाळीत आपली खोली असेल, तर तिची दुरुस्ती ठरवताना संपूर्ण रांग विचारात घ्यावी लागते. दोन खोल्यांमधील सामायिक भिंत दोन्हीकडच्या छपराच्या तुळया पेलते आणि शेजारच्या भिंतींना आधारही देते. त्यामुळे खोली मोठी करण्यासाठी ती फोडल्यास शेजाऱ्यांचे छपरही धोक्यात येते. रांगेच्या टोकाची भिंत एका बाजूने उघडी असल्याने तडे पुष्कळदा आधी तिथेच दिसतात.

या भिंती बहुधा दीड विटेच्या, म्हणजे सुमारे साडेतेरा इंच जाडीच्या असतात. गिलावा नसलेल्या जागी निरखून पाहिल्यास एका थरात विटेची लांब बाजू आणि पुढच्या थरात आखूड बाजू बाहेर आलेली दिसते. भिंतीच्या जाडीत शिरणाऱ्या या आडव्या विटाच आतील व बाहेरील अंग एकत्र बांधून ठेवतात. हे काम ज्या गवंड्यांनी केले, त्यांची शिस्त आजही वाखाणण्याजोगी आहे.

सर्वाधिक काळजी विटांमधील सांध्यांची घ्यावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. जुने सांधे चुन्याचे असतात. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश कडक होतो, विटेपेक्षा मऊ राहतो आणि जमिनीतून चढलेली ओल त्याच्यातून बाहेर पडते. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओलीची वाट अडते, ती भिंतीत आणखी वर सरकते, लोणा म्हणजे पांढरे क्षार फुटतात आणि विटेचा पृष्ठभाग भुकटी होऊन गळू लागतो. भिंत ओली दिसते म्हणून सिमेंट लावणे हा उपाय नसून बहुतेक वेळा तेच दुखण्याचे कारण असते. सांधे रुंदीच्या किमान दुप्पट खोल हाताने उकरून, पाणी मारून, चुन्याच्या मसाल्याने भरावेत आणि ओल्या गोणपाटाने झाकावेत. पावसाळ्यात हे काम हाती घेऊ नये.

छपरावर नळीची कौले असतील तर पावसाळ्यापूर्वी शाकारणी हवीच. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढल्यानंतर प्रसार झालेली मंगलोरी कौले एकमेकांत अडकतात, म्हणून ती कमी सरकतात. तरी त्यांखालील रिपा आणि वाशांची टोके तपासावीत.

पाहणीच्या वेळी दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना उपस्थित राहण्याची विनंती करावी, कारण सामायिक भिंत दोन्हीकडून पाहिल्याशिवाय आम्ही अंदाजपत्रक देत नाही.