मावळ तालुका आणि बारा मावळ

पुण्यात ‘मावळ’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर लोणावळा, कामशेत, वडगाव हा लोहमार्गालगतचा पट्टा येतो, आणि शिवाजी महाराजांचे मावळे याच भागातले, असा समज सहज होऊन बसतो. हा समज अपुरा आहे. आजचा मावळ हा पुणे जिल्ह्यातील एक तालुका असून त्याचे मुख्य ठाणे वडगाव येथे आहे. इतिहासातील बारा मावळ मात्र सह्याद्रीच्या पूर्वेकडील नदीखोऱ्यांचा मोठा प्रदेश होता आणि तो मावळ तालुक्याखेरीज मुळशी, वेल्हे आणि भोर या तालुक्यांतही विभागला गेला आहे.

आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ ही उत्तरेकडची खोरी आजच्या मावळ तालुक्यात येतात. कार्ले, भाजे, बेडसे येथील लेणी आणि लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना हे किल्ले त्याच तालुक्यात आहेत.

बारा मावळांची विभागणी पाण्याने ठरवलेली होती. एक नदी, तिच्या दोन्ही अंगांचे डोंगर आणि त्यांच्या कुशीतली गावे मिळून एक खोरे होई, आणि त्या खोऱ्याची देशमुखी एखाद्या घराण्याकडे असे. रोहिडखोऱ्यात कारीचे जेधे, मोसेखोऱ्यात पासलकर, गुंजण मावळात शिळीमकर, हिरडस मावळात बांदल ही त्यांपैकी ठळक नावे. १६६० मध्ये घोडखिंडीत सिद्दीच्या फौजेला अडवून धरणारे बांदलांचे लोक या हिरडस मावळातले, म्हणजे भोरकडचे होते. (बारा नावांची यादी सर्वत्र एकसारखी मिळत नाही, काही खोरी एका यादीत असतात, दुसरीत नसतात.)

स्वराज्याची पहिली पावले ज्या भागात पडली तो वेल्हे तालुका पुणे जिल्ह्यातील सर्वांत विरळ वस्तीचा आहे. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या जेमतेम ५४ हजारांच्या आसपास होती. तोरणा तिथलाच, आणि कानंदी व गुंजवणी यांच्या बेचक्यात उभा असलेला, सुमारे पंचवीस वर्षे राजधानी राहिलेला राजगडही तिथलाच. म्हणूनच या तालुक्याला राजगडाचे नाव देण्याचा निर्णय झाला, तो मला मनापासून योग्य वाटतो.

जुन्या कागदात ‘गुंजण मावळ’ किंवा ‘कानद खोरे’ असा उल्लेख आढळला, तर ती गावे वडगावच्या आसपास न शोधता दक्षिणेस, वेल्ह्याच्या नकाशात शोधावीत.