डेबियन सर्व्हरवर डॉकर: बाहेरचं रेपो जोडण्याआधी एक फोन करा

आमच्या देखभालीतल्या बऱ्याच सर्व्हरवर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) आहे, आणि डॉकर, म्हणजे अ‍ॅप्स ‘कंटेनर’ नावाच्या वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणारं सॉफ्टवेअर, डेबियनच्याच रेपोमधून (पॅकेजेसच्या साठ्यातून) घेतलेलं आहे. त्या पॅकेजचं नाव ‘डॉकर डॉट आयओ’. फोन बहुतेक वेळा असा येतो: “गाइडमध्ये डॉकर कंपोज लिहिलंय, आमच्याकडे अशी कमांडच नाही म्हणतंय. तुम्ही जुनं टाकलंय का?”

जुनं आहे, हे खरं. कंपोज म्हणजे एका फाइलवरून अनेक कंटेनर चालवणारं साधन; डेबियन १२ मध्ये त्याची १.२९ ही आवृत्ती येते आणि तिची कमांड मध्ये डॅश देऊन (docker-compose) लिहावी लागते. हल्लीची गाइडं दुसऱ्या पिढीची असतात, तिथे डॅशऐवजी जागा सोडतात (docker compose). नवं कंपोज हवं असेल तर तेवढं प्लगइन आम्ही बसवून देतो. त्यासाठी डॉकरला हात लावावा लागत नाही.

घोळ होतो तो इथे. लोक डॉकर कंपनीची इन्स्टॉल स्क्रिप्ट थेट चालत्या सर्व्हरवर चालवतात. डॉकर कंपनी स्वतःच ती प्रॉडक्शनसाठी वापरू नका असं सांगते. डॉकर आधीच आहे असा इशारा देऊन स्क्रिप्ट २० सेकंद थांबतेसुद्धा, वाचतं कोण? कंटेनरडी आणि रनसी हे कंटेनर प्रत्यक्ष चालवणारे डॉकरचे आतले भाग. कंपनीच्या ‘कंटेनरडी डॉट आयओ’ पॅकेजमध्ये रनसी आतच असतं, डेबियनमध्ये कंटेनरडी आणि रनसी वेगवेगळी असतात. कंपनीचं पॅकेज आणि डेबियनची पॅकेजेस एकत्र नांदत नाहीत. त्यामुळे डेबियनची पॅकेजेस निघतात आणि सगळे कंटेनर बंद पडतात. रीस्टार्ट पॉलिसी (बंद पडल्यावर परत सुरू व्हायचं की नाही याची सूचना) न दिलेले कंटेनर आपोआप परत उठत नाहीत. मग घाबरून कुणी ‘पर्ज’ करतं, म्हणजे पॅकेज सेटिंग्जसकट पुसून टाकतं. त्यात व्हॉल्यूमसकट (कंटेनरचा डेटा जपून ठेवायच्या जागेसकट) डेटा जाऊ शकतो. असा सर्व्हर सावरायला आमचा अख्खा दिवस जातो, आणि बॅकअप नसेल तर दिवस घालवूनही उपयोग नसतो.

डेबियनचं पॅकेज आम्ही हट्टाने वापरतो, कारण डेबियनच्या स्टेबल (स्थिर) आवृत्तीत पॅकेजची आवृत्ती मधेच उडी मारत नाही आणि सुरक्षा दुरुस्त्या जुन्याच आवृत्तीत येतात. बाहेरचं रेपो जोडलंत तर ती जबाबदारी तुमची. आपोआप अपडेट करणारी अनअटेंडेड-अपग्रेड्सची सोय मुळात फक्त डेबियनच्या रेपोकडे बघते. नवं रेपो तिला वेगळं सांगावं लागतं. बहुतेक जण सांगत नाहीत.

(जाता जाता: डॉकरने उघडलेला पोर्ट यूएफडब्ल्यूने (सर्व्हरच्या फायरवॉलने) बंद होत नाही. म्हणून आम्ही डेटाबेसचे पोर्ट १२७.०.०.१ वरच (म्हणजे फक्त त्याच सर्व्हरच्या आतून पोहोचता येईल असे) ठेवतो. ते बदलू नका.)

डॉकर-सीईची (डॉकर कंपनीच्या स्वतःच्या पॅकेजची) खरंच गरज असेल तर आमची ना नाही. व्हॉल्यूमचा बॅकअप, जुनी पॅकेजेस पर्ज न करता काढणं, नवं रेपो अपडेटमध्ये जोडणं, हे सगळं एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) धरलेलं आहे. एएमसी नसलेल्यांना आधी कोटेशन देतो. फोन करताना कंपोजची फाइल आणि सर्व्हर किती वेळ बंद ठेवता येईल, एवढं तयार ठेवा.