अ‍ॅम्प्लिफायरमधील श्राव्य फरक

गाणे तेच, स्पीकर तेच, खोली तीच; फक्त अ‍ॅम्प्लिफायर बदलला, तर आवाज बदललेला कानाला कळतो का, हा ध्वनितंत्रातला जुना वाद आहे. नियंत्रित चाचण्यांचे उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. सर्व स्वरांना सारखेच वाढवणारे आणि आवाजात स्वतःची भर न घालणारे दोन अ‍ॅम्प्लिफायर आपापल्या ताकदीच्या आत चालवले आणि दोघांचा आवाज काटेकोरपणे सारखा ठेवला, तर ऐकणाऱ्याला ते ओळखता येत नाहीत. यातली एखादी अट मोडली की फरक ऐकू येतो. दिवाणखान्यात ती क्वचित मोडते, जत्रेच्या मंडपात जवळजवळ रोजच.

माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. आजचा बऱ्यापैकी अ‍ॅम्प्लिफायर या पट्ट्यात फार तर डेसिबलच्या (आवाजाच्या पातळीचे माप) अंशाइतकाच वरखाली होतो. याचे मोठे श्रेय १९२७ मध्ये बेल प्रयोगशाळेच्या हॅरल्ड ब्लॅक यांना सुचलेल्या ऋण प्रतिभरणाला (निगेटिव्ह फीडबॅक) जाते. निर्गमाचा (आउटपुटचा) थोडा भाग उलटा करून पुन्हा आत घेतला की यंत्राच्या बऱ्याच चुका आपोआप कमी होतात. सुरुवातीचे ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर मात्र खरोखरच वेगळे वाजत. संकेत (सिग्नल) शून्यातून जाताना एक ट्रान्झिस्टर सोडतो आणि दुसरा पकडतो. त्या सांध्यात आवाज खरखरीत व्हायचा, आणि हळू आवाजात तो अधिक जाणवायचा. १९७० च्या दशकात फिनलंडचे मट्टी ओटाला यांनी वेगाने बदलणाऱ्या संकेतांना प्रतिभरण कुठे अपुरे पडते ते दाखवले, आणि आराखडे त्यानुसार सुधारत गेले. म्हणून ‘व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या निर्वात नळ्यांचा) आवाज गोड, ट्रान्झिस्टरचा कोरडा’ म्हणणारी जुनी मंडळी निव्वळ हट्टी होती असे नाही. त्यांनी ऐकलेली यंत्रे तशीच होती.

वादाचा खरा निकाल आंधळ्या चाचणीत लागतो. अ आणि ब ही दोन यंत्रे ऐकवून नंतर ‘क्ष’ वाजवतात. क्ष हा अ की ब, हे ऐकणाऱ्याला माहीत नसते आणि चाचणी घेणाऱ्यालाही नसते. या पद्धतीची कल्पना १९५० ची. डेव्हिड क्लार्क यांनी १९८२ मध्ये तिच्यासाठीचे अदलाबदल करणारे यंत्र प्रसिद्ध केले. १६ पैकी १२ वेळा बरोबर ओळखले तर ते नुसत्या नशिबाने घडण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी राहते. ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ या अमेरिकन मासिकाने १९८७ मध्ये स्वस्त रिसीव्हरपासून अतिमहाग व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरपर्यंतची यंत्रे अशी तपासली, तेव्हा श्रोत्यांची उत्तरे नाणेफेकीच्या पलीकडे फारशी गेली नाहीत. त्याआधी १९८५ मध्ये बॉब कार्व्हर यांनी ‘स्टिरिओफाइल’ मासिकाशी पैज घेऊन आपला स्वस्त ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर एका महागड्या अ‍ॅम्प्लिफायरशी इतका जुळवला, की संपादकांना दोन्ही वेगळे सांगता येईनात. या पैजेचा अर्थ ‘सगळे सारखेच’ असा काढतात, तो अर्धवट आहे. जुळवावे लागले, म्हणजे आधी फरक होता. आणि तो मोजता येत होता म्हणूनच काढता आला.

चाचणी सर्वांत जास्त वेळा फसते ती दोन यंत्रांच्या आवाजाची पातळी सारखी नसल्याने. दोन यंत्रांत अर्ध्या डेसिबलचा फरक असला, तर कानाला ‘हा मोठा’ असे वाटत नाही. ‘हा जास्त मोकळा, जास्त स्पष्ट’ असे वाटते. म्हणून पातळी ०.१ डेसिबलच्या आत जुळवतात. व्होल्टात हा फरक जेमतेम १.२ टक्के. घरी करायचे तर १०० हर्ट्झचा सूर लावावा, मल्टिमीटरच्या सुया स्पीकरच्या टोकांना धराव्यात आणि पहिल्या यंत्रावर २.८३ व्होल्ट आले असतील, तर दुसऱ्याचा व्हॉल्यूम २.८० ते २.८६ च्या मध्ये आणून ठेवावा. दुकानात कोणी एवढे करत नाही. तिथे जे यंत्र थोडे मोठे वाजते तेच ‘चांगले’ म्हणून खपते.

खरा फरक कुठून येतो याचे एक चांगले उदाहरण निर्गम रोधाचे, म्हणजे यंत्राच्या आउटपुटमध्येच असलेल्या विद्युत अडथळ्याचे. तो ओहममध्ये मोजतात. स्पीकरवर ८ ओहम लिहिलेले असले तरी त्याचा रोध सगळ्या स्वरांना ८ ओहम नसतो; एखादा ४ पासून २४ ओहमपर्यंत फिरतो. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरचा निर्गम रोध ०.०५ ओहमच्या आसपास असेल, तर या चढउताराने आवाजात ०.१ डेसिबलही फरक पडत नाही. प्रतिभरण नसलेल्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचा रोध २ ओहम धरला, तर हाच फरक पावणेतीन डेसिबलच्या वर जातो. तो कोणालाही ऐकू येईल, आणि काहींना आवडेलही. मात्र स्पीकर बदलला की त्याच यंत्राचा ‘स्वभाव’ही बदलतो. व्हॉल्व्हच्या जादूबद्दल बोलताना स्पीकर कोणता होता, हे क्वचितच कोणी सांगते.

दुसरे कारण ताकद. गोव्यात चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, एखाद्या वाड्यावरच्या घुमट आरतीपुढे माइक ठेवला की ते दिसून येते. मातीच्या मडक्याचे घुमट, शामेळ हे तालवाद्य आणि कांसाळे ही झांज मिळून जो ठोका पडतो, त्याचे शिखर गाणाऱ्यांच्या सरासरी आवाजाच्या कितीतरी वर जाते. आणि १० डेसिबल वर जायचे तर दहापट वॅट लागतात. आवाज १५ वॅटवर चालला असेल, तर त्या ठोक्याला १५० वॅट हवेत. १०० वॅटचे यंत्र तिथे संकेताचा माथा छाटते, घुमटाचा दणका चपटा होतो, आवाज फाटतो. शेजारच्या मंडळाचे ४०० वॅटचे यंत्र तेच स्वच्छ वाजवते आणि लोक म्हणतात, त्यांचा ‘साउंड’ भारी. व्हॉल्यूम थोडा खाली घेतला असता तर दोन्ही सारखेच वाजले असते. पण चवथीत व्हॉल्यूम खाली कोण घेतो!

देवळाच्या आवारातली गोष्ट आणखी वेगळी. तिथे लांबवर टांगलेल्या कर्ण्यांपर्यंत १०० व्होल्टची लाइन नेतात आणि प्रत्येक कर्ण्याला छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. कर्ण्यातून खर्ज येतच नाही, ट्रान्सफॉर्मरही त्यात आपली काटछाट करतो. अशा साखळीत अ‍ॅम्प्लिफायरचे बारकावे ऐकू येण्याचा प्रश्नच उरत नाही. जत्रेच्या मराठी नाटकात माइक शिट्टी मारतो तेव्हा शिव्या मात्र यंत्राला बसतात. स्पीकरचा आवाज फिरून माइकमध्ये शिरला की शिट्टी वाजते. अ‍ॅम्प्लिफायर कोणता आहे याच्याशी तिचा संबंध नाही. माइक हलवावा, नाहीतर स्पीकर माइकच्या पुढे, प्रेक्षकांच्या बाजूला आणावा.

जागेचा परिणाम तर या सगळ्याहून मोठा. बंद खोलीत बसायची जागा दोन हात बदलली तरी खर्जात १० डेसिबलचा फरक पडू शकतो. पणजीच्या कला अकादमीतले, चार्ल्स कोरिया यांनी रचलेले दीनानाथ मंगेशकर कलामंदिर आणि पत्र्याचा मंडप यांतला फरक कोणतेही यंत्र भरून काढणार नाही.

गोव्याच्या हवेचाही यात वाटा आहे. किनाऱ्यालगत खारी दमट हवा प्लगवर आणि रिलेच्या (यंत्रातल्या विद्युत खटक्याच्या) टोकांवर थर चढवते. मग एक बाजू दबते, व्हॉल्यूमचे बटण खरखरते, आणि मालक नव्या यंत्राच्या शोधात निघतो. नवे यंत्र खरोखर चांगले वाजते, कारण त्याच्या जोडण्या नव्या असतात.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर सहसा लावता येत नाही. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. दहाच्या सुमारास आवाज खाली घेतला की ‘यंत्राचा खर्ज गेला’ अशी तक्रार येते. यंत्राला काही झालेले नसते. हळू आवाजात कानच खर्ज कमी ऐकतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवले. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर ‘लाउडनेस’ नावाचे बटण असायचे, ते व्हॉल्यूम कमी असताना खर्ज वाढवून हीच तूट भरून काढत असे.