छिद्र बदलायचं की तेल?

१/१० मापाची ऑफ-रोड रेसिंग बग्गी ही जेमतेम दीड किलो वजनाची, रिमोटवर चालणारी गाडी. मातीच्या ट्रॅकवर ती एक मीटर उंच सहज उडते. खऱ्या गाडीच्या मापात हे दहा मीटर होतात, म्हणजे तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून गाडी रस्त्यावर येण्यासारखं. तरीही चांगली लावलेली बग्गी खाली आल्यावर उसळत नाही. एकदा दबते, सावरते आणि पुढच्या वळणाला लागते. हे तिला जमतं ते चार शॉकमुळे, म्हणजे प्रत्येक चाकाजवळच्या धक्के शोषणाऱ्या नळकांड्यांमुळे, त्यांच्यातल्या थोड्याशा सिलिकॉन तेलामुळे आणि पिस्टनला पाडलेल्या दीड-पावणेदोन मिलिमीटरच्या छिद्रांमुळे.

सुरुवातीच्या काळात असं नव्हतं. १९८४ साली जपानच्या तामियाची ग्रासहॉपर बाजारात आली आणि घरोघरी पोचली, पण तिच्या शॉकमध्ये तेल नव्हतं. खड्ड्यावरून गेली की ती चेंडूसारखी टणाटण उडायची. त्याच वर्षी अमेरिकेत टीम असोसिएटेड या कंपनीने रॉजर कर्टिस यांनी आखलेली आरसी१० आणली. तिच्या चारही चाकांना तेलाने भरलेले ॲल्युमिनियमचे शॉक होते आणि चाकांना वर-खाली व्हायला भरपूर जागा होती. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेल मार इथे १/१० ऑफ-रोडची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि टू-व्हील ड्राइव्ह (मोटरचा जोर दोनच चाकांना मिळतो त्या) गटात जे हॅल्सी नावाचा रेसर हीच गाडी चालवून जिंकला. त्यानंतर तेलाच्या शॉकशिवाय शर्यतीत उतरायचा विचार कुणी केला नाही.

गाडी दहापट लहान केली की तिचं सगळंच दहापट लहान होतं, असा एक समज असतो. गुरुत्वाकर्षण लहान होत नाही, आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते. स्प्रिंगवर बसलेल्या वजनाची उसळी सेकंदाला किती वेळा होईल, हे ते वजन स्प्रिंगला किती दाबून बसलंय यावर ठरतं. खऱ्या मोटारीची स्प्रिंग तिच्या वजनाने साधारण वीस सेंटिमीटर दबलेली असते, म्हणून ती सेकंदाला एकदा-सव्वा वेळा डुलते. बग्गी एक-दीड सेंटिमीटरच दबते. गणित केलं तर तिची उसळी सेकंदाला चार ते पाच वेळा येते. लहान प्रतिकृतीचा काळ मापाच्या वर्गमुळाने आखडतो. विल्यम फ्राउड या इंग्रज अभियंत्याने १८७० च्या दशकात टॉर्की इथे पाण्याच्या लांब हौदातून जहाजांच्या प्रतिकृती ओढून जो नियम पक्का केला, तोच इथे लागू पडतो. दहाचं वर्गमूळ ३.१६. म्हणजे ट्रॅकवर जे घडतं ते सगळं तिपटीहून जास्त वेगाने घडतं, पण ट्रान्समीटर हातात धरलेल्या माणसाचा डोळा आणि बोट मात्र मूळच्याच वेगाने चालतात. उसळी आपोआप विरली नाही तर ड्रायव्हर ती सावरू शकत नाही. तेवढा वेळच त्याच्याकडे नसतो. म्हणून मला शॉकचं काम बाकी सगळ्या सेटिंगपेक्षा मोलाचं वाटतं. याला अपवाद एकच, टायर. ट्रॅकला साजेसा टायर नसेल तर शॉकवर घालवलेली संध्याकाळ वाया जाते.

स्प्रिंगचं काम तसं सरळ आहे. ती गाडी तोलून धरते आणि चाकाला परत जमिनीकडे ढकलते. इथे एक गैरसमज मात्र सगळीकडे दिसतो. शॉकवरची आट्यांची रिंग फिरवून स्प्रिंग दाबली की सस्पेन्शन कडक झालं, असं अनेकांना वाटतं. साधी स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला जेवढा जोर आधी लागायचा, तेवढाच नंतरही लागतो. बदलते ती फक्त गाडीची जमिनीपासूनची उंची. कडकपणा बदलायचा असेल तर स्प्रिंगच बदलावी लागते, किंवा शॉकची जागा. ही जागा बदलण्याचा परिणाम पहिल्यांदा पाहणाऱ्याला अजब वाटतो. शॉक खालच्या आर्मवर (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांडीवर) एक भोक आत सरकवला, समजा चाक दहा मिलिमीटर उचललं की शॉक आधी सात मिलिमीटर दबायचा तो आता साडेसहा दबतो. फरक दिसायला किरकोळ, पण चाकाला जाणवणारा कडकपणा या प्रमाणाच्या वर्गाने बदलतो, कारण जोरही कमी पोचतो आणि स्प्रिंगही कमी दबते. त्या एका भोकात चाकाची स्प्रिंग जवळजवळ १४ टक्क्यांनी मऊ होते, आणि तेलाचा रोधही तेवढाच घटतो.

आता शॉकच्या आत. सिलिंडरमध्ये तेल, त्यात दांड्याच्या टोकाला बसवलेला प्लॅस्टिकचा पिस्टन आणि पिस्टनला दोन किंवा जास्त छिद्रं. चाक वर आलं की पिस्टन तेलात सरकतो आणि तेलाला छिद्रांतून पलीकडे जावं लागतं. या जाण्याला जो विरोध होतो तो उसळीची ऊर्जा खाऊन तिची उष्णता करतो. रोध वाढवायचे दोन रस्ते डोळ्यांसमोर असतात: छिद्र लहान करा किंवा तेल जाड घ्या. दोन्हींनी पिस्टन हाताला जड लागतो, म्हणून हे दोन उपाय एकच आहेत असं समजून लोक जे हाताशी असेल ते बदलतात. माझं म्हणणं एवढंच आहे की हे दोन उपाय एक नाहीत, आणि ते का नाहीत हे कळलं की शॉक लावणं अंदाजपंचे राहत नाही.

तेलाचा विरोध दोन प्रकारचा असतो. पहिला चिकटपणाचा. तेलाचे थर एकमेकांवरून घसरताना घासतात, त्या गुणाला विज्ञानात श्यानता म्हणतात आणि बाटलीवर छापलेला ३५० किंवा ४०० सीएसटी (सेंटिस्टोक) हा आकडा तिचाच. हा विरोध वेगाच्या सरळ प्रमाणात वाढतो: वेग दुप्पट, विरोध दुप्पट. दुसरा विरोध तेलाच्या वस्तुमानाचा. सिलिंडरमध्ये निवांत बसलेल्या तेलाला अरुंद छिद्रात शिरताना एकदम वेग घ्यावा लागतो आणि पलीकडे गेल्यावर तो वेग भोवऱ्यांत विरून जातो. हा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दुप्पट, विरोध चौपट. पाण्याने भरलेली पिचकारी हळू दाबली तर दट्ट्या अलगद सरकतो आणि जोरात दाबली तर हाताला भिंतीसारखी अडते, ती या दुसऱ्या विरोधामुळे. पाण्याला चिकटपणा नावालाच असतो, तरी भिंत तयार होते.

बग्गीत हे किती टोकाला जातं ते पाहा. तीस सेंटिमीटरवरून पडलेलं चाक जमिनीला सेकंदाला २.४ मीटर वेगाने टेकतं. शॉकच्या दांड्याला त्यातला १.७ मीटर मिळाला असं धरू. बारा मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनला १.६ मिलिमीटरची दोन छिद्रं असतील तर छिद्रांचं क्षेत्रफळ पिस्टनच्या पंचविसाव्या हिश्शाहूनही कमी भरतं. तेवढं सगळं तेल तिथून जायचं म्हणजे त्याचा वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या घरात जातो. बोटाएवढ्या शॉकमध्ये, सेकंदाच्या छोट्याशा भागात! या वेगाला वर्गाने वाढणारा विरोध चिकटपणाच्या विरोधाला मागे टाकतो आणि शॉक क्षणभर जणू घट्ट होतो. रेसर याला पॅक म्हणतात. पॅक हवा तेवढा असेल तर गाडीचं पोट जमिनीवर आपटत नाही. जास्त झाला तर बारीक खड्ड्यांच्या रांगेवर चाक दबायलाच तयार होत नाही आणि गाडी खड्ड्यांच्या डोक्यावरून उडत जाते.

आता छिद्र आणि तेल. १८४० च्या आसपास झाँ प्वाझॉय या फ्रेंच वैद्याने केसासारख्या नळ्यांतून द्रव कसा वाहतो हे मोजलं. रक्तवाहिन्यांतलं रक्त समजून घ्यावं म्हणून तो या कामाला लागला होता. त्याला आढळलं की वाहणं नळीच्या व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतं. १.६ चं छिद्र १.७ केलं तर चिकटपणाचा विरोध १.२७ पटीने, म्हणजे साधारण २१ टक्क्यांनी, हलका होतो, एवढ्याशा दशांश मिलिमीटरने. आणि वस्तुमानाचा विरोध? तेल तेवढंच जायचं असेल तर त्याचा वेग व्यासाच्या वर्गाने घटतो, विरोध त्या वेगाच्या वर्गाने, म्हणजे तोही चौथ्याच घाताने. छिद्र दोन्ही विरोधांना एकाच प्रमाणात हलवतं. तेलाची श्यानता मात्र फक्त पहिल्या विरोधात आहे. जाड सिलिकॉन तेल आणि पातळ सिलिकॉन तेल यांची घनता जवळपास सारखीच, त्यामुळे दुसऱ्या विरोधाला तेल बदलल्याचं काहीच वाटत नाही.

यातून ट्रॅकवर थेट वापरता येणारी गोष्ट निघते. समजा १.६ ची छिद्रं आणि ३५० चं तेल आहे, वळणात गाडी छान झुकते, पण खड्ड्यांवर टणकते. छिद्र १.७ करा आणि तेल ४५० घ्या. हळू हालचालीतला रोध जवळजवळ तसाच राहील, कारण ३५० ला १.२७ ने गुणलं की ४४५ येतात. वळणातली गाडी तीच वाटेल, खड्ड्यांवरचा पॅक मात्र पाचव्या हिश्शाने कमी होईल. उलट कार्पेटवरच्या किंवा कृत्रिम गवतावरच्या ट्रॅकला खड्डे नसतात, उड्या मोठ्या आणि उतरण्याची जागा टणक असते. तिथे छिद्र लहान आणि तेल पातळ. जुने रेसर हे अनुभवाने करत आलेत. सूत्र त्याच्याशी इतकं नेमकं जुळावं याचं मला आजही अप्रूप वाटतं.

हे सगळं हिशेब धरून करायचं तर शॉक नीट भरलेला हवा, नाहीतर आपण तेल नाही, हवा मोजत असतो. शॉक उभा धरून पिस्टन तळाशी ओढायचा, तेल काठापर्यंत भरायचं आणि पिस्टन अगदी संथ वर-खाली करायचा. छिद्रांतून बारीक बुडबुड्यांची माळ सुटते. जाड तेलात ती वर यायला पाच-दहा मिनिटं घेते, आणि ही मिनिटं द्यावीच लागतात. मग पिस्टन खाली ठेवून टोपण बसवायचं, ब्लॅडरचा (टोपणाखाली रबरी पडदा असलेला) शॉक असेल तर दांडा हळूहळू आत नेत जादा तेल बाहेर येऊ द्यायचं. दांडा आत शिरतो तेव्हा त्याच्या आकारमानाइतकं तेल कुठेतरी सामावलं पाहिजे. ती सोय रबरी ब्लॅडर करतो, किंवा इमल्शन शॉकमध्ये मुद्दाम ठेवलेली थोडी हवा. डाव्या-उजव्या शॉकचे दांडे एकमेकांना टेकवून दाबले आणि दोन्ही बरोबरीने आत गेले की जोडी जमली.

बाकीच्या सेटिंगचं काम वेगळं, टायर जमिनीशी कसा टेकतो ते ठरवण्याचं. चाकांचा माथा आतल्या बाजूला अंशभर-दोन अंश झुकलेला ठेवतात, म्हणजे वळणात गाडी कलली तरी बाहेरचा टायर सपाट टेकतो. मागच्या चाकांना आतल्या बाजूला तीनेक अंश वळण दिलेलं असतं, त्याने टू-व्हील ड्राइव्ह गाडी ॲक्सिलरेटर दाबताच गिरकी घेत नाही. पुढचे आर्म पंचवीस-तीस अंश मागे कललेले असतात, कारण खड्डा चाकाला वर ढकलतो तसा मागेही ढकलतो आणि चाकाला त्याच दिशेने माघार घेता आली तर धक्का गाडीपर्यंत कमी पोचतो.

तेलाकडे परत यायला हवं, कारण आपल्याकडे एक घटक बाटलीवर लिहिलेला नसतो. ३५० चा आकडा २५ अंश तापमानाचा आहे. खनिज तेलाच्या मानाने सिलिकॉन तेल उन्हात कमी पातळ होतं, पण होतंच. मे महिन्यात नागपूर-जळगावकडे दुपारी ४५ अंशांत तेच तेल २५० च्या थोडं खाली येतं. म्हणजे सकाळी लावलेली गाडी दुपारी वळणात लोळायला लागते, पण मोठ्या उडीवरून ती पूर्वीइतकीच आपटते किंवा किंचितच जास्त, कारण पॅक श्यानतेवर चालत नाही. अशा वेळी पिस्टनला हात लावू नये, तेलच जाड घ्यावं.

बदल केला की गाडी हातात धरून तीसेक सेंटिमीटरवरून सपाट जमिनीवर सरळ सोडून पाहावी. पोट जमिनीला हलकेच लागून गाडी पुन्हा उंचीवर येऊन थांबली तर बरं. जोरात आपटली तर पॅक कमी, पोट खालपर्यंत न येता चाकंच उसळली तर पॅक जास्त, आणि दबून वर आल्यावर दोनदा डुलली तर तेल पातळ. नाक आणि शेपूट एकाच वेळी बसले पाहिजेत. मोटर मागे असलेल्या गाड्यांत शेपूट जड असते, म्हणून मागचं तेल पुढच्यापेक्षा वेगळं लागतं. नाक आधी सावरलं तर गाडी प्रत्येक उडीवरून नाक वर करून निघेल, आणि तेव्हा पुढचा सोडून मागचा शॉक उघडायचा.